कुंडी भंडाऱ्याला शाळेची सहल न्यायची असेल तर: एका दिवसात बऱ्हाणपूर, जमिनीखालून

आमची शाळा जळगाव जामोद तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. गावात हातपंप आहे, पण त्याचं पाणी कुणी पीत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्यायचं पाणी १४० गाव योजनेच्या नळाला येतं, आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी सातवी-आठवीच्या मुली शाळेत उशिरा येतात. 'जमिनीखालचं पाणी' म्हटलं की आमच्या लेकरांच्या डोळ्यापुढे खारं पाणी उभं राहतं.

म्हणून मी त्यांना मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला नेते. त्या शहराच्या पोटात चारशे वर्षांपूर्वी खोदलेलं बोगद्यांचं जाळं आहे. कुंडी भंडारा हा त्याचाच एक भाग. डोंगरात मुरलेलं गोडं पाणी त्यातून मोटारीशिवाय वाहत येतं. आजवर तीन वेळा गेले. पहिल्या वेळी बऱ्याच गोष्टी चुकल्या, दुसऱ्या वेळी काही, तिसऱ्या वेळी सहल मनासारखी झाली. बुलडाणा, अकोला, अमरावतीकडच्या ज्या शिक्षकांना जायचं असेल, त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवते आहे.

१. आधी स्वतः समजून घ्या, काय दाखवायचं आहे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मग मुलं खोल खड्डा बघून येतात आणि घरी सांगतात, "लय खोल होतं."

बऱ्हाणपूर तापीच्या काठावर आहे. उत्तरेला सातपुड्याची रांग. डोंगरावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खालच्या थरांतून हळूहळू तापीकडे सरकत राहतो. हे सरकणारं पाणी वाटेतच गाठायचं, ही सगळ्या रचनेमागची कल्पना. डोंगराच्या पायथ्याशी पाण्याच्या थरापर्यंत खोल जायचं, आणि तिथून शहराच्या दिशेने जमिनीखाली एक बोगदा काढायचा. बोगद्याला उतार अगदी हलका ठेवायचा. उतार जास्त झाला तर पाणी जोरात वाहून माती खरवडतं, कमी झाला तर साचतं आणि गाळ धरतं. तेवढा उतार साधला की पाणी आपल्या वजनाने शहरापर्यंत चालत येतं.

या बोगद्यावर थोड्या-थोड्या अंतराने विहिरीसारख्या उभ्या कुंड्या आहेत. शंभराहून जास्त. दोन कुंड्यांमध्ये साधारण २० मीटर अंतर. खोदताना याच कुंड्यांतून माती वर काढली, खाली काम करणाऱ्यांना हवा आणि उजेड मिळाला, पुढे गाळ काढायला माणसं यातूनच उतरली. कुंडीचं तोंड जमिनीपेक्षा उंच बांधलं आहे, म्हणजे पावसाचं गढूळ पाणी आत जात नाही. इराणमध्ये ही पद्धत फार जुनी आहे, तिकडे तिला 'कनात' म्हणतात.

इतिहासाचं एवढं पुरे: बऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. १६०१ मध्ये अकबराने जवळचा असीरगड घेतला आणि हे शहर मोगलांचं दख्खनचं दार झालं. फौजफाटा वाढला, पाणी पुरेना. जहांगीराच्या काळात, १६१५ मध्ये, सुभेदार अब्दुर्रहीम खानखानानच्या कारकिर्दीत, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने जमिनीची पाहणी करून ही योजना उभी केली. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण भंडारा आणि कुंडी भंडारा ही त्यातल्या भंडाऱ्यांची, म्हणजे पाणी गोळा करणाऱ्या रचनांची, नावं. भंडाऱ्यांचं पाणी जाळी करंज नावाच्या हौदाशी येई आणि तिथून नळ्यांनी शहरात वाटलं जाई.

मुलांना एक गोष्ट हमखास सांगा. खानखानान बऱ्हाणपुरात बसून ज्या मलिक अंबरशी लढत होता, त्या मलिक अंबरने जवळपास त्याच काळात खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून नहर काढली. दोघे एकमेकांचे वैरी, आणि दोघांनी पाण्यासाठी एकच वाट धरली. आमच्या आठवीच्या वर्गात यावर एक तास चर्चा चालली. पुस्तकातल्या सनावळीवर तेवढी कधीच चालत नाही.

नावाबद्दलही आधीच बोला. तिकडे याला सर्रास 'खुनी भंडारा' म्हणतात. हे नाव मुलांनी पहिल्यांदा गाडीत ऐकलं तर अर्धी मुलं घाबरतात आणि अर्धी भुताच्या गोष्टी रचतात. घरी पालकांच्या कानावर गेलं तर संमतीपत्रच परत येत नाही. वर्गात आणि पत्रात 'कुंडी भंडारा' हेच नाव वापरा. दुसरं नाव कुठून आलं असेल, हा प्रश्न मुलांना शोधायला द्या.

२. परवानग्या: दीड महिना आधी सुरुवात करा

सहल राज्याबाहेर जाते आहे, हे विसरू नका. बऱ्हाणपूर आपल्याला शेजारचं गाव वाटतं, कित्येकांचे सोयरे तिथे आहेत, बाजारात मराठी चालते. पण कागदावर तो मध्य प्रदेश आहे. अर्जात हे पहिल्याच ओळीत लिहा.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत क्रम असा असतो: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकारी, आणि तिथून शिक्षणाधिकारी. शेवटची सही हातात आल्याशिवाय गाडीचा इसार देऊ नका. एका वर्षी मी घाईने दिला आणि तारीख पुढे ढकलावी लागली, तेव्हा पैसे अडकले.

अर्जाला काय जोडायचं:

- विद्यार्थ्यांची यादी: नाव, इयत्ता, वय, पालकाचा मोबाइल
- प्रत्येक पालकाची सही केलेलं संमतीपत्र
- सोबत येणाऱ्या शिक्षकांची यादी. मुली असतील तर शिक्षिका हवीच
- दिवसाचं वेळापत्रक, ठिकाणांसह
- गाडीचे कागद (पुढच्या टप्प्यात सांगते)
- सहलीचा शैक्षणिक उद्देश, अर्ध्या पानात

शेवटचा मुद्दा मनापासून लिहा. शाळांच्या सहलींसाठी येणाऱ्या सूचनांमध्ये विहिरी, नद्या, खोल पाणी अशा जागांबद्दल कडक इशारे असतात, आणि ते योग्यच आहेत. कुंडी भंडारा ही पाण्याची खोल जागा आहे. म्हणून 'ऐतिहासिक स्थळ' एवढंच लिहून मोकळं होऊ नका. कुणाला, कितीच्या गटाने, कुणाच्या देखरेखीखाली उतरवणार आणि कुणाला मुळीच उतरवणार नाही, हे स्पष्ट लिहा. लपवून नेलेली सहल निभावली तरी ती चुकीचीच.

त्याच आठवड्यात बऱ्हाणपूरच्या नगर निगमला हिंदीत पत्र पाठवा आणि फोनही करा. तीन गोष्टी विचारा: त्या तारखेला जागा उघडी आहे का, बोगद्यात उतरायची लिफ्ट चालू आहे का, एका वेळी किती मुलं उतरू शकतात. जाण्याच्या आदल्या दिवशी हेच तीन प्रश्न पुन्हा विचारा. पहिल्या वर्षी मी काहीच विचारलं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा लिफ्ट बंद. चाळीस मुलं पहाटे चारला उठून आली होती. एक मुलगी गाडीत जाऊन रडत बसली. यंत्र आहे, बंद पडतं. चूक न विचारणाऱ्याची, म्हणजे माझी.

३. गाडी

दोन वाटा आहेत. जळगाव जामोदहून सातपुड्यातून थेट घाटाने जाता येतं, किंवा मलकापूर, मुक्ताईनगर, इच्छापूर असं मोठ्या रस्त्याने. घाटाची वाट सुंदर आहे, पण वळणांनी मुलांना उलट्या होतात आणि अंधारात ती वाट मला नको वाटते. जाताना घाट, येताना मुक्ताईनगर, हा माझा शिरस्ता.

रेल्वेचाही विचार करून झाला. शेगाव, नांदुरा, मलकापूरकडून भुसावळ, तिथे गाडी बदलून बऱ्हाणपूर. स्टेशन लालबागेत आहे, भंडाऱ्यापासून जवळ. दहा-बारा मोठी मुलं असतील तर उत्तम. चाळीस लेकरं घेऊन भुसावळच्या फलाटावर गाडी बदलण्याच्या भानगडीत पडू नका.

एसटीची शैक्षणिक सहलीसाठीची निम्म्या भाड्याची सवलत बहुतेकांना माहीत आहे. राज्याबाहेरची फेरी असल्याने आगारात आधी जाऊन भाडं आणि अटी लेखी घ्या. खाजगी बस करणार असाल तर हे कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि झेरॉक्स घ्या:

- मध्य प्रदेशात चालणारं टुरिस्ट परमिट
- फिटनेस प्रमाणपत्र, विमा, पीयूसी
- चालकाचा परवाना आणि दुसरा चालक असेल तर त्याचाही
- आग विझवायचं सिलिंडर आणि आपत्कालीन दार उघडतं का, ते उघडून बघा

"परमिटचं पाहून घेऊ वाटेत," असं गाडीमालक म्हणाला तर ती गाडी सोडा. दुसऱ्या सहलीत आम्ही हे ऐकून घेतलं आणि सीमेवर जवळजवळ दोन तास उभे राहिलो. मुलांनी डबे तिथेच संपवले. दिवसाचा सगळा हिशेब बिघडला आणि किल्ला पाहायचा राहिला.

४. पालकसभा

पत्र पाठवून भागत नाही. संध्याकाळी, शेतातून माणसं परतल्यावर सभा घ्या. आमच्याकडे एका आईने विचारलं होतं, "मॅडम, पोरीले जमिनीखाली कायले नेता?" प्रश्न बरोबर होता. मी कागदावर बोगद्याचं चित्र काढून दाखवलं. लिफ्ट कुठे, पाणी कुठपर्यंत, कोण सोबत, सगळं सांगितलं. आणि हेही सांगितलं की खाली उतरणं सक्तीचं नाही, वर थांबणाऱ्या मुलांसाठीही काम आहे. तिने सही केली, आणि पुढच्या वर्षी धाकट्याचं नाव स्वतःहून दिलं.

या सभेत तब्येतीचं विचारून घ्या: दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, बंद जागेची भीती, गाडी लागणं. चारचौघांत कुणी सांगत नाही, म्हणून संमतीपत्राच्या मागे रकाना ठेवा. मुलींच्या आयांशी शिक्षिकेने वेगळं बोलावं. पाळी असेल म्हणून मुलीने सहल टाळू नये. पॅड सोबत ठेवतो, स्वच्छतागृहासाठी थांबे ठरलेले आहेत, एवढं सांगितलं की बऱ्याच मुलींची नावं वाढतात.

वर्गणी काढताना गाडीभाड्याला मुलांच्या संख्येने भागा आणि आयत्या वेळी चार-पाच मुलं गळतील असं धरूनच आकडा काढा. ज्यांना झेपत नाही त्यांचे पैसे शिक्षकांनी किंवा गावातल्या कुणी गुपचूप भरावेत. त्याची यादी वर्गात वाचली जाणार नाही, एवढं बघा.

५. महिना कोणता

डिसेंबर आणि जानेवारी. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच नको. तेव्हा घाटही निसरडा आणि कुंड्यांतलं पाणीही चढलेलं. मार्चनंतर ऊन सोसत नाही, आणि परीक्षा असतातच.

६. सहलीआधी वर्गात दोन तास

माझ्या मते सगळ्या सहलीत हे दोन तास सर्वांत मोलाचे आहेत.

पहिल्या तासात बोगद्याचं मॉडेल करा. एक जुना प्लास्टिकचा टब घ्या. एक बाजू विटेवर टेकवून उंच करा. खाली खडी, वर वाळू भरा. प्लास्टिकच्या नळीला तापवलेल्या सुईने भोकं पाडा, वरून जुन्या साडीची चिंधी गुंडाळा आणि वाळूत हलक्या उतारावर पुरा. नळीचं खालचं टोक टबाला भोक पाडून बाहेर काढा. आता उंच बाजूला झारीने पाणी घाला आणि थांबा. सुरुवातीला काहीच होत नाही, मुलं कंटाळतात. मग टोकातून थेंब येतात, मग धार लागते. झारी थांबवली तरी धार बराच वेळ चालू राहते. ही शेवटची गोष्ट मुलांना दाखवायला विसरू नका. पाऊस थांबल्यावरही भंडारा का वाहतो, त्याचं उत्तर तिच्यात आहे.

आमच्या एका मुलाने ते बघून म्हटलं, "मॅडम, हे त बोअरच हाये. फक्त आडवं पाडलं." मी पंधरा मिनिटं जे समजावत होते ते त्याने एका वाक्यात सांगितलं. आता मी दरवर्षी तेच वाक्य वापरते.

दुसऱ्या तासात पाणी मोजा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र स्वस्तात मिळतं, शाळेसाठी एक घ्या. हातपंप, नळ, शेतातली बोअर, अशा प्रत्येक पाण्याची बाटली मुलांनी घरून आणायची, वर नाव चिकटवायचं, आकडा फळ्यावर लिहायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. हा तक्ता सहलीला सोबत न्या, तिथली एक ओळ रिकामी ठेवून. मुलांना हेही सांगा की हे यंत्र फक्त क्षार सांगतं. आकडा कमी आला म्हणजे पाण्यात जंतू नाहीत, असं होत नाही.

७. सामान

मुलांकडे:

- दोन डबे, एक सकाळचा आणि एक दुपारचा. पोळी, कळण्याची भाकर, कोरडी चटणी, ठेचा चालेल. रस्सा आणि दही नको
- पाण्याची बाटली, नाव लिहिलेली
- पट्ट्याचे प्लास्टिकचे सँडल. चपला पाण्यात वाहून जातात, बूट भिजले की दिवसभर पाय गार
- एक जादा पँट किंवा सलवार, टॉवेल, स्वेटर
- वही, पेन्सिल (पेन भिजल्यावर लिहीत नाही)
- खिशात चिठ्ठी: नाव, शाळा, दोन शिक्षकांचे नंबर

शिक्षकांकडे:

- सगळ्या परवानग्यांच्या दोन प्रती, एक गाडीत आणि एक पिशवीत
- प्रथमोपचार पेटी, ओआरएस, उलटीच्या पिशव्या, पॅड
- टॉर्च, किमान चार, नव्या सेलसह
- मोजपट्टी, टीडीएस यंत्र, थर्मामीटर
- हातात मावणारा आरसा. कशाला ते पुढे सांगते
- शिट्टी

आठ मुलांमागे एक मोठं माणूस, हे माझं प्रमाण. शिक्षक कमी पडले तर समितीतले दोन पालक सोबत घ्या. मुलांच्या जोड्या लावा. जोडीदार दिसला नाही तर लगेच ओरडायचं, एवढंच त्यांचं काम. गाडीत चढताना प्रत्येक वेळी डोकी मोजा. 'आले सगळे' असं मुलांनी सांगितलेलं धरू नका.

८. त्या दिवशी: आधी वरून चाला

पहाटे निघा. चढण्याआधी तेलकट काही देऊ नका. घाट संपल्यावर नाश्ता.

पोचल्यावर मुलं लिफ्टकडे पळतील. थांबवा. पहिला तास जमिनीवरचा. एका कुंडीपासून दुसऱ्या कुंडीपर्यंत पावलं मोजत चालायचं, मग मोजपट्टीने ताडून बघायचं. चार-पाच कुंड्या झाल्या की मुलांच्या लक्षात येतं की या एका ओळीत आहेत आणि ओळ डोंगराकडून येते. मागे वळून सातपुडा दाखवा. "पाणी कुठून येतं?" हा प्रश्न इथे, डोंगराकडे तोंड करून विचारा. एरवी वहीत 'भूजल' लिहिणारी मुलं हात लांब करून डोंगर दाखवतात.

इथे दोन सक्त नियम. कुंडीत दगड टाकायचा नाही. एकाने टाकला की सगळे टाकतात आणि ते लोकांच्या पिण्याचं पाणी आहे. आणि कठड्यावर बसायचं नाही, त्यावरून वाकायचंही नाही. जाळी घट्ट बसलेली असेल त्याच कुंडीजवळ मुलांना न्या, तेही दोघादोघांना, हाताला धरून. आजूबाजूच्या शेतात किंवा अंगणात शिरायचं असेल तर आधी विचारा.

आता आरसा. हिवाळ्यात सूर्य कलता असतो, कुंडीत उजेड तळापर्यंत पोचत नाही. शिक्षकाने आरशाने ऊन पकडून आत सोडायचं. भिंतीवरून उजेडाचा गोळा खाली सरकत जातो, दगडी बांधकाम दिसतं, आणि तळाशी पाणी चमकतं. ते हललं की वाहतं आहे हे कळतं. लिफ्ट बंद होती त्या वर्षी आमची सहल याच आरशाने वाचवली. रडणारी ती मुलगी गाडीतून उतरून आली आणि शेवटी आरसा तिच्याकडूनच परत घ्यावा लागला.

९. खाली उतरताना

लिफ्ट चालू असेल तर ती साधारण ८० फूट खाली नेते. तिथल्या माणसाने सांगितलेल्या संख्येपेक्षा एकही मूल जास्त नको. गट उतरण्याआधी एक शिक्षक खाली, एक लिफ्टच्या तोंडाशी वर, बाकीचे वर थांबलेल्या मुलांजवळ. खाली मोबाइल लागेल असं धरून चालू नका. वर-खाली निरोपासाठी शिट्टीच्या खुणा ठरवा.

ज्याला भीती वाटते त्याला वरच राहू द्या. "घाबरट" हा शब्द त्या दिवशी वर्ज्य. आमचा वर्गातला सर्वांत दांडगा मुलगा लिफ्टच्या दारातून मागे फिरला. त्याच्याकडे मोजणीची वही दिली आणि त्याने प्रत्येक गटाची वेळ नीट लिहून ठेवली.

खाली काय दाखवायचं:

पायाखालचं पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते बघा. वाळलेलं पान किंवा कागद टाकायचा मोह होईल. त्याऐवजी पायाला कुठून धक्का बसतो ते डोळे मिटून सांगायला लावा. भिंतींवर पांढरा थर दिसेल, संगमरवरासारखा. तो चुना आहे. पाण्यात विरघळलेला कॅल्शियमचा क्षार वर्षानुवर्षं भिंतीवर बसत गेला. पाणी उकळतो त्या पातेल्याच्या बुडाला बसतो तोच. या थराने बोगद्याची वाट अरुंद होते आणि पाणी कमी येतं, ही भंडाऱ्याची आजची मोठी अडचण आहे. मुलांनी थर खरवडू नये.

मग सगळे टॉर्च अर्धा मिनिट बंद करा, मुलांना आधी सांगून. वरच्या कुंडीतून येणारा उजेड आणि हवा तेव्हाच जाणवते. चारशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे खोदलं त्यांना एवढाच उजेड होता, हे इथेच सांगावं. त्या मजुरांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. मी ते सांगते तेव्हा आवाज थोडा जड होतो, आणि तसा होऊ देते.

लिफ्ट नजरेआड होईल इतकं आत जाऊ नका. एका गटाला दहा मिनिटं पुष्कळ. वर आल्यावर लगेच ओले कपडे बदलायला लावा. पाण्याची एक बाटली वर आणून आकडा मोजा आणि तक्त्यातली रिकामी ओळ भरा. आमच्या हातपंपाचा आकडा त्याच्या फार वर होता. मुलं तो तक्ता बराच वेळ बघत राहिली. एकीने विचारलं, "मंग आपल्या गावाखाली असं गोडं पाणी काहून नाही?" पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या थरांबद्दल तेव्हा सांगितलं ते त्यांच्या डोक्यात राहिलं.

१०. दुपार आणि परतीची वाट

जेवण झाल्यावर एकच ठिकाण घ्या: तापीकाठचा शाही किल्ला. तिथे शहाजहानच्या काळातला हमामखाना आहे, छतावर जुनी चित्रं आहेत. मुलांना विचारा, नदीच्या इतक्या उंच काठावर आंघोळीला पाणी कसं आलं असेल? मुमताज महल १६३१ मध्ये याच शहरात वारली आणि आधी तापीपलीकडे जैनाबादेत तिचं दफन झालं, हे ऐकून मुली गप्प होतात. १६८१ मध्ये हंबीरराव मोहित्यांनी बऱ्हाणपुरावर घातलेला छापा सांगितला की मुलं पुन्हा जागी होतात.

असीरगड त्याच दिवशी करू नका. पालक आग्रह धरतात, चालकही म्हणतो "जवळच आहे." जवळ आहे, पण चढ आहे, आणि थकलेल्या मुलांना कड्यांवर नेणं मला पटत नाही.

मावा जिलेबी आणि दराबा या मिठाया ही बऱ्हाणपूरची ओळख. जिलेबी एकेकच, तीही गाडी मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी पोटात बसेल अशा वेळी. दराबा बांधून घ्या, घरी वाटायला. चारच्या आत शहर सोडा, म्हणजे दिवेलागणीच्या सुमारास मलकापूर गाठता येतं. पालकांना निघताना एक आणि मलकापूरला एक असे दोन निरोप पाठवा.

११. दुसऱ्या दिवशी

सुट्टी देऊ नका. थकलेली असली तरी मुलं त्या दिवशी सर्वांत जास्त बोलतात. मोठ्या कागदावर आपल्या गावाचा पाण्याचा नकाशा काढायला लावा: विहिरी, बोअर, हातपंप, नळाची लाइन, टाकी, नाला, जुनी बुजलेली बारव असेल तर तीही. प्रत्येकापुढे टीडीएसचा आकडा. आमच्या मुलांनी हा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. महिनाभराने म्हातारी माणसं त्याच्यापुढे उभी राहून सांगू लागली की अमुक ठिकाणी पूर्वी गोड्या पाण्याची विहीर होती, ती बुजली. तशा तीन जागा निघाल्या. मुलांनी त्या नकाशावर लाल पेन्सिलने गोल करून ठेवल्या आहेत. यंदा पाऊस संपला की तिथे किती खोलवर ओल लागते ते बघायला जायचं ठरलं आहे.